झाकलेली भाकरी

मी एकदा परक्या माणसाचा म्हाळ घातला. त्याच्या बायकोला विचारलं नाही, त्याच्या मुलाला कळवलं नाही, आणि तो माणूस गेला आहे की कुठे जिवंत आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वर कावळा झटक्यात शिवला म्हणून सोसायटीच्या गच्चीवर उभी राहून मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे कोवळीच म्हणायची. आता पंचाहत्तरीला टेकले आहे. गुडघे गेले तेव्हा कुठे थोडी अक्कल आली. दोघं एका घरात नांदत नसावीत.

ही गोष्ट सांगायची तर आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. आमचे हे फौजेत होते. साताऱ्याकडच्या आमच्या गावात दर दोन घरांआड एक फौजी, आणि फौजेतून सुटून आलेला प्रत्येक जण गावाला 'मेजर'. कुणी शिपाई म्हणून सुटो, कुणी स्वयंपाकी म्हणून, गावच्या पारावर बढती मिळतेच. आमचे हे हवालदार म्हणून सुटले आणि मेजर झाले. खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीतही वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना मेजरच म्हणतात. ते कुणाची चूक दुरुस्त करत नाहीत, फक्त मान हलवतात.

लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, फौजीची बायको म्हणजे राणी. वर्षातून एकदा नवरा येणार, येताना ट्रंकेतून साबण, पावडर, चॉकलेट आणणार, आणि सासूच्या नाकावर टिच्चून मी त्याच्याशेजारी बसणार. पहिल्या दोन सुट्ट्या अशाच गेल्या. माणूस बोलायचा, हसायचा, माझी वेणी ओढायचा. तिसऱ्या सुट्टीला जो आला तो दिसायला तोच होता. ट्रंकेत साबण होता, पावडर होती. बोलणं तेवढं वाटेत कुठेतरी उतरून गेलं होतं.

त्याच सुट्टीत मी पहिल्यांदा ते बघितलं. रात्रीची जेवणं झाली की हे उठायचे, टोपलीतली एक भाकरी घ्यायचे, तिच्यावर जे काही कोरड्यास असेल ते घालायचे, आणि त्या ताटलीवर दुसरी ताटली उपडी झाकून चुलीच्या उबेला ठेवून द्यायचे. कुणाला काही सांगणं नाही, विचारणं नाही. सासूबाईंना वाटलं, पोराला अवेळी भूक लागत असेल, थंड मुलखातून आलाय. मला मात्र वेगळंच वाटलं. माझ्या एकवीस-बावीस वर्षांच्या डोक्यात दोनच प्रकारचे विचार यायचे, एक पावडरचे आणि एक सवतीचे. हा माणूस कुणासाठी तरी भाकरी ठेवतो, म्हणजे कुणीतरी येतं. मी चुलीतली राख चाळणीनं चाळली आणि त्या ताटलीभोवती बारीक पसरून ठेवली, पाऊल उमटेल म्हणून. सकाळी पाऊल उमटलेलं होतं. मांजराचं. सवत निघाली ती चार पायांची, आणि तिलाही ताटली उघडता आली नव्हती.

मग ती भाकरी जायची कुठे? माझ्या पोटात. घरात अन्न टाकायची पद्धत नव्हती, आणि सुनेच्या वाट्याला सकाळचं ताजं कधी यायचं नाही. मी ती शिळी भाकरी चहात बुडवून खायची. कुणाच्या वाटणीची आहे हे माहीत नसताना वर्षानुवर्षं खाल्ली. आता मनात येतं, आपण सवत शोधत होतो आणि तिच्याच ताटात जेवत होतो.

फौजेतून सुटल्यावर आम्ही नवी मुंबईला आलो. मुलाला इकडे नोकरी लागली होती, आणि ह्यांनाही गावाकडे करमत नव्हतं. पारावर बसलं की लोक लढाईच्या गोष्टी विचारायचे. आधी आम्ही तुर्भ्याला एका खोलीत राहिलो. तिथल्या एका शीतगृहात ह्यांना सुरक्षारक्षकाचं काम मिळालं. गेटवर बसायचं, आणि पाळीत दोन वेळा आत फेरी मारून यायची, एवढंच. आत बटाटे, सफरचंदं, चिंच, मिरची, कसकसला माल रचलेला. हे गेटवर बसायचे, पण आत जायचे नाहीत. आठवडा पुरा व्हायच्या आत त्यांनी काम सोडलं आणि घरी येऊन कपडे घडी करून ठेवले.

मी तेव्हा जे बोलले ते आठवलं की आजही जीभ चावते. भाजी चिरता चिरता मी म्हटलं होतं की, बर्फात नोकरी केलेला माणूस बटाट्याच्या थंडीला घाबरतो, हे मी जन्मात पहिल्यांदा बघतेय. वर शेजारणीला ऐकू जाईल एवढा आवाज चढवला होता. मला वाटायचं, नवऱ्याला टोचून बोललं की तो पेटून उठतो. आमच्या आईनं वडिलांवर हाच प्रयोग आयुष्यभर केला आणि वडील कधी उठले नाहीत, हे मी सोयीनं विसरले होते.

हे माझ्यासमोर येऊन बसले. मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि पानं खुडायला लागले. खुडता खुडताच, मान वर न करता, त्यांनी मला जे सांगितलं ते एकदाच सांगितलं. त्यानंतर आजपर्यंत पुन्हा नाही.

वर बर्फातल्या एका चौकीवर हे आणि त्यांचा एक मित्र होते. आमच्याच तालुक्यातला, शेजारच्या खोऱ्यातला, ह्यांच्याबरोबरच भरती झालेला. एक दिवस रॉकेल संपत आलं म्हणून तो दुपारी खालच्या चौकीवर निघाला. रोट्या नुकत्याच शेकून झाल्या होत्या. जाताना दारातून वळून म्हणाला, माझं झाकून ठेव, आलोच. ह्यांनी झाकून ठेवलं. मग वारा सुटला आणि डोंगराचा एक भाग खाली आला. पुढे बरेच दिवस शोधत राहिले, पण ना तो सापडला ना त्याची काठी. सरकारनं त्याला कागदावर गेलेला धरला. ह्यांनी धरला नाही. झाकलेल्या रोट्या दगड झाल्या तरी ह्यांनी त्या कुणाला उचलू दिल्या नाहीत, शेवटी चौकी बदलली तेव्हा दुसऱ्याच कुणीतरी त्या फेकल्या.

एवढं सांगून ते म्हणाले, "मेथी झाली," आणि काड्या पदरात टाकून उठून गेले. पदर माझा होता, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर मी बोलणं कमी केलं, पण समज काही एकदम येत नाही. एखादी गोष्ट दिसली की मागाहून कळायचं, अच्छा, हे पण त्यातलंच. दिवाळे गावच्या कोळीवाड्यात मासळी घ्यायला गेलो होतो. कोळीण म्हातारी होती, मोठ्या प्रेमानं म्हणाली, "ये ना दादा, हात घालून बघ, ताजा हाय." टोपलीत चुरलेल्या बर्फात सरंगे पुरलेले होते, नुसती शेपटं वर. हे दोन पावलं मागे सरकले आणि खाडीकडे तोंड करून उभे राहिले, ते माझी खरेदी होईपर्यंत वळलेच नाहीत. घरात फ्रीज आला तेव्हा दर आठवड्याला तो बंद करून वरच्या कप्प्यातलं बर्फ लाकडी उलथन्यानं खरवडून काढायचे, साठू द्यायचे नाहीत. शेवटी सुनेनं बर्फ न साठणारा फ्रीज घेतला. तिला वाटलं, सासऱ्यांना स्वच्छतेची आवड.

आणि मोजणं. कुठेही चला, लग्नाला, जत्रेला, नुसतं समोरच्या बागेत, हे माणसं मोजणार. निघताना मोजणार, पोचल्यावर मोजणार, परत फिरताना मोजणार. नातवंडं लहान असताना त्यांना तो खेळ वाटायचा, एका ओळीत उभी राहून ओरडून आपापला आकडा सांगायची. मोठी झाल्यावर लाजायला लागली. मॉलच्या दारात आजोबा बोटानं मोजतात म्हणून नात एकदा पुढे निघून गेली, तर ह्यांचा चेहरा असा झाला की मी तिला हाताला धरून परत आणलं आणि म्हटलं, बाई गं, तुझा आकडा सांग आणि मग जा कुठं जायचंय तिथं.

जेवणाला सगळे बसल्याशिवाय हे बसत नाहीत, आणि कुणी यायचं राहिलं असेल तर पहिला घास घेत नाहीत. मुलगा ऑफिसातून उशिरा यायचा. आम्ही दोघं तोंड मिटून बसायचो, भाजी गार व्हायची. लोकांना वाटतं फौजीचं दुःख म्हणजे काहीतरी मोठं, डोळ्यांत पाणी, छातीवर बिल्ले. आमच्या घरी ते रोज गार झालेली भाजी पुन्हा तापवण्याएवढंच होतं. पण रोज होतं. बाई थकते. त्या माणसाचा राग येत नाही, कारण त्यानं आपलं काही केलेलं नसतं. आणि ज्यानं केलं तो डोंगर, त्याच्यावर कुणी कसं रागावणार.

त्या मित्राच्या बायकोकडे हे दर दिवाळीत जायचे. ती आधी गावी होती, मग तिचा मुलगा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडीला लागला तशी ती त्याच्याकडे येऊन राहिली. ती कपाळभर कुंकू लावायची, हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र. कागद काही म्हणोत, ती नवऱ्याची वाट बघत होती, असं सगळा तालुका जाणून होता. लोक तिला नावं ठेवायचे आणि हात पण जोडायचे. हे फराळाचा डबा घेऊन जायचे, उंबऱ्याच्या आत जरासे टेकायचे, चहा प्यायचे आणि यायचे. मी कधी बरोबर गेले नाही. मला तिची भीती वाटायची. जिच्या नवऱ्याची भाकरी आपण इतकी वर्षं चहात बुडवून खाल्ली, तिच्यासमोर कुठलं तोंड घेऊन बसायचं?

तर त्या वर्षी, माझ्या त्या कोवळ्या बासष्टीत, मी भजनी मंडळात जाऊ लागले होते. तिथे ज्ञानाला तोटा नव्हता. एका बाईनं सांगितलं की ज्याचं काही केलं नाही असा जीव घरात अडकून राहतो, घरच्यांना खाऊ-झोपू देत नाही. मला एकदम उजेड पडला. अडकलेला तो नव्हता, आमचे हे होते, पण एवढा बारीक विचार करायला भजनी मंडळात वेळ नसतो. आणि खरं कारण सांगते, मला कंटाळा आला होता. लग्न दोघांचं झालं आणि संसार तिघांचा केला. म्हटलं, या पाहुण्याला एकदा पोटभर जेवू घालू आणि वाटेला लावू. मग आमचे हे पहिला घास माझ्याबरोबर घेतील.

आमच्याकडे म्हाळाला प्रत्येक पितराच्या नावानं एका माणसाला जेवायला बसवतात. आमची पानं तीन, सासरे, सासूबाई आणि थोरले दीर. म्हाळ एरवी आम्ही तिथीला घालायचो, त्या वर्षी मी सर्वपित्रीला घालायचं ठरवलं, कारण ज्याची तिथी माहीत नाही त्याची सर्वपित्री. ह्यांना सांगितलं, गवार महाग आहे, पुढे ढकलू. आणि तळमजल्यावरचे एक रिटायर्ड कारकून होते, एकटेच राहायचे, जेवणाचे हाल, त्यांना चौथ्या पानासाठी गुपचूप आमंत्रण दिलं. पान आमच्या लांबच्या नातेवाइकाचं आहे, असं त्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "खीर आहे ना वहिनी?"

खीर होती, वडे, भजी, कढी, भोपळा, गवार, सगळं होतं. गच्चीवर कावळ्यांना अन्न टाकू नये अशी सोसायटीची पाटी आहे. मी त्या पाटीखालीच चार पानं मांडली. पहिल्या तीन पानांना कावळ्यांनी नेहमीप्रमाणे नखरे केले. चौथ्यावर एक कावळा असा येऊन आदळला की वडा घेऊनच उडाला. मी हात जोडले. झालं, म्हटलं, सुटला बिचारा. आणि आम्हीही.

खाली आले तर हे बाजारातून केळीची पानं घेऊन आले होते. जेवणारे बसले होते. ह्यांनी सवयीनं मोजलं. माणसं मोजली, मग पानं मोजली.

"हे चौथं कुणाचं?"

मी सांगितलं. अगदी आनंदानं सांगितलं, जशी काही लॉटरी लागल्याची बातमी. कावळ्याचंही सांगितलं.

मला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर रडतील, दोन्हींची तयारी केली होती. भजनी मंडळानं दोन्हींवर उपाय सांगून ठेवले होते. ह्यांनी यातलं काहीच केलं नाही. पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं. ते त्या कारकुनांसमोर वाकले, खिरीचं पातेलं माझ्या हातून घेतलं आणि स्वतः वाढायला लागले. वडे वाढले, कढी वाढली, भात कालवायला तूप वाढलं. त्या गृहस्थांनी खीर तीनदा मागून घेतली, ती तिन्ही वेळा ह्यांनीच वाढली. ते जेवेपर्यंत हे ताठ उभे होते, हात मांडीला चिकटवून. जेवण झाल्यावर त्यांच्या हातावर पाणी घातलं, विडा दिला, दारापर्यंत पोचवायला गेले.

त्या संध्याकाळी मी भाकऱ्या केल्या आणि मुद्दाम टोपली पुढे ठेवली. ह्यांनी टोपलीला हात लावला नाही. भाकरी झाकली नाही, आणि ताटही वाढून घेतलं नाही.

मी म्हटलं, तुमचं काय?

"तो जेवला ना," ते म्हणाले. "मग आता जेवणं झाली."

पहिले काही दिवस मी मनातल्या मनात जिंकत होते. भाकरी झाकली जात नव्हती, माझी सकाळ मोकळी झाली होती, चहाबरोबर बिस्किट खात होते. मग दिसायला लागलं की हे संध्याकाळचे जेवतच नाहीत. सकाळीही चहा आणि काहीतरी चिमूटभर. मोजायचंही सोडलं. नात घरी आली काय, गेली काय, मान वर करेनात. पॅंट पट्ट्याला गोळा व्हायला लागली. सुनेनं डॉक्टरकडे नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले शरीरात दोष काही नाही, यांना टेन्शन देऊ नका. टेन्शन देणारी मी तिथेच खुर्चीवर बसले होते, पर्स मांडीवर घेऊन.

मी काय काय केलं म्हणून सांगू. झुणका केला, वांग्याचं भरीत केलं, गावाकडून हातसडीचे तांदूळ मागवले. एक दिवस मीच एक भाकरी ताटलीत घेतली, त्यांना दिसेल अशी झाकली आणि ओट्यावर ठेवली. हे आले, झाकण उचलून बघितलं, आणि भाकरी खाली नेऊन गेटवरच्या कुत्र्याला घालून आले. रिकामी ताटली तेवढी विसळून जागेवर ठेवली.

तेव्हा मला कळलं, मी काय केलं होतं ते. हा माणूस रोज संध्याकाळी जेवायचा तो त्या दुसऱ्यासाठी भाकरी ठेवता यावी म्हणून. वाट बघायला माणसाला ताकद लागते, आणि ताकदीसाठी जेवावं लागतं. मी एका वड्यात आणि खिरीत त्याची वाट बघायची नोकरी काढून घेतली होती. पहिल्या रिटायरमेंटला निदान गावानं हार तरी घातला होता.

शेवटी मी तुर्भ्याला गेले, एकटीच. ती दारात बसून लसूण सोलत होती. मार्केटातून पोत्यानं लसूण यायचा, आजूबाजूच्या बायका सोलून द्यायच्या. तिनं मला ओळखलं नाही, कसं ओळखणार. मी कोण ते सांगितलं तशी पदरानं पाट पुसून पुढे सरकवला. कुंकू खरंच कपाळभर होतं.

मी सगळं सांगितलं. राखेपासून सांगितलं, शिळ्या भाकरीचंही सांगितलं. म्हाळाचं सगळ्यात शेवटी सांगितलं. मला वाटत होतं ती आता उठेल, आणि मला दोन लगावल्या तरी चालतील अशा तयारीनं मी बसले होते. तिचा हात थांबला नाही. पाकळी सोलायची, टोपात टाकायची.

"कावळा शिवला का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, लगेच.

"काय काय केलं हुतं?"

मी सगळे पदार्थ सांगितले, शाळेतल्या पोरीसारखे, बोटं मोडत. गवारीचं नाव निघालं तशी ती किंचित हसली.

"गवार न्हाय आवडायची त्येंना," ती म्हणाली. "हुंद्या. वडा खाल्ला न्हवं."

मी म्हटलं, मला माफ करू नका, पण आमच्या ह्यांना एकदा येऊन भेटा. तुमच्याशिवाय त्यांना कुणी सांगू शकणार नाही. ते वाळत चालले आहेत. तिनं टोप बाजूला सारून चहा केला, आणि मला रिक्षापर्यंत सोडायला आली. मी निराश होऊन घरी परतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. ती होती, मुलाबरोबर. मुलगा खालीच थांबला. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी. हे गॅलरीत खुर्चीवर बसले होते. आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी पटकन उठून उभे राहिले.

ती खुर्चीवर बसली नाही, खाली टेकली.

"भावजी, तुमी झाकायचं बंद केलं म्हनं."

ह्यांनी मान खाली घातली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, ना आत ना बाहेर.

"वैनींनी घातला त्यो त्यांच्या घरात घातला," ती म्हणाली. "माज्या घरात कुनी म्हाळ घातला न्हाय. माजं मानूस यायचं ऱ्हायलंय अजून. यायच्या वक्ताला ताटली रिकामी असली, तर त्येंनी कुनाला इचारायचं?"

हे म्हणाले, "चुकलं, वैनी."

"चुकलं तर खावा आता. ह्यातली तुमी खावा, एक झाकून ठेवा. चटनी तिखाट हाय, सांगून ठेवते."

ते तिच्यासमोर खाली बसले. पहिला घास चटणीला नुसता टेकवून घेतला, दुसऱ्याला भरपूर लावली. मी आत जाऊन मिक्सर लावला. आत काही नव्हतं, रिकामाच फिरवला, पण माझा आवाज बाहेर जाऊ नये एवढ्यासाठी ठीक होता. बाहेर आले तेव्हा भाकरी संपली होती, आणि हे दुसरीवर ताटली उपडी घालत होते, कडा जुळवून, पूर्वीसारख्या.

तेव्हापासून आजतागायत आमच्या ओट्यावर रोज एक भाकरी झाकलेली असते. ह्यांनी ऐंशी ओलांडली, कधी कधी ताटलीवर ताटली वाजते, पण झाकतात. माणसंही मोजतात. नातीचं लग्न झालं तेव्हा अख्खा हॉल मोजायला निघाले होते, मी आवरलं. सकाळी ती भाकरी मी चहात बुडवून खाते, आता दात नाहीत म्हणून बुडवते. पहिला घास अजूनही माझ्याबरोबर घेत नाहीत. मी तो हट्ट सोडला. हे लिहिलेलं ते वाचतील अशी भीती मला नाही. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, वाचून दाखवणारी मीच. शेवटचं पान मी गाळणार आहे.

कारण त्या दिवशी मी तिला खाली सोडायला गेले. मुलगा रिक्षा बघायला पुढे गेला होता. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, तुम्ही एवढी वर्षं आशेनं वाट बघताय आणि मी तुमच्या नवऱ्याचं पान मांडलं, माझ्यासारखी मूर्ख बाई मीच. ती गेटाशी थांबली. आधी वर आमच्या गॅलरीकडे बघितलं, कुणी उभं नाही याची खात्री केली, आणि आवाज खाली करून म्हणाली,

"वैनी, म्या पयल्या वर्सापास्नं सर्वपित्रीला त्येंचं पान ठेवते, कुनाला दिसू देत न्हाय. कुक्कू पुसलं असतं म्या कवाच, पर तुमचं मालक दिवाळीला दारात आलं की आदी माज्या कपाळाकडं बघत्यात, मगच पायातलं काढत्यात."